कुंपणातलं महाळुंग

निवृत्त होऊन सहा महिने होत आले, तरी सिपोरा झिराडकरच्या उजव्या हाताला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. भाट्याचा पूल ओलांडून पावसची एसटी फणसोपच्या थांब्यावर थांबली. माशांच्या रिकाम्या पाट्या घेऊन दोन बायका चढल्या आणि खिडकीशी बसलेल्या सिपोराचा हात आपसूक वर गेला. टिंग टिंग. गाडी निघाली. दाराशी तिकिटाच्या मशीनशी झटापट करणारी नवी कंडक्टर तेजस्वी तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

"शिप्राबाय, अवो घंटी मारायला तुमचा पगार चालू हाय काय अजून?" ड्रायव्हर मोरू आरशात बघून ओरडला.

"तू झोपलास की काय बघत होत्ये रे मेल्या! जरा जोरात हाण. आज मला घाई आहे."

सगळी गाडी हसली. या गाडीवर सिपोरानं कंडक्टर म्हणून उभा जन्म काढला होता. उंचीनं बेताची, पण आवाज असा की गोळपच्या चढावर इंजीन धापा टाकत असलं तरी तिचं "सरका पुढे, पुढे काय नवरी बसल्येय?" मागच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू जाई. सिपोरा हे नाव गावकऱ्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. त्यांनी तिची शिप्राबाय करून टाकली आणि तिनंही कुरकुर केली नाही. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. लोकांना त्यातलं एवढंच ठाऊक, की शिप्राबायच्या देवाला मूर्ती नसते आणि शनिवारी ड्यूटी लावली की ती आगारात सगळ्यांशी भांडते.

आज मात्र भांडण नव्हतं, नुसता आनंद होता. तो तिच्या पोटात मावत नव्हता. संध्याकाळी सूर्य मावळला की सुक्कोथ सुरू होणार होता. तिच्या घरात त्याला मांडवाचा सण म्हणत. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटलेले पूर्वज वाळवंटात झोपड्या करून राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस अंगणातल्या मांडवात बसायचं, जेवायचं, आल्यागेल्याला बोलवायचं आणि आनंद करायचा. आनंद करा, असं ज्यात देवानंच बजावलंय असा हा सण. आणि नोकरी लागल्यापासून तो सिपोराला हुकला होता. सणाच्या दिवशी दर वर्षी ती कुठल्या ना कुठल्या गाडीत उभी, लोकांना त्यांच्या त्यांच्या सणाला पोचवत. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता म्हणता केस पिकले.

यंदा ती मोकळी होती. माळनाक्याजवळच्या तिच्या छोट्या घरापुढे मांडव उभा राहिला होता. बांबू तिनं स्वतः रोवले होते, वर माडाच्या झावळ्या टाकल्या होत्या. शेजारची विमला चांगल्या मनानं निळी ताडपत्री घेऊन आली, तर सिपोरानं तिला जवळजवळ हाकलूनच दिलं. "अगं, वरनं चांदणं दिसायला हवं. पाऊस आला तर गळायला हवं. ह्या मांडवाचं छप्पर पक्कं केलं तर सण बाद!" विमला म्हणाली, "तुमचं काहीतरी उलटंच असतं हो." पण ताडपत्री घेऊन गेली आणि जाताना सांगून गेली, की आज कोजागिरीही आहे, तेव्हा दूध तुमच्याच मांडवात आटवणार.

मांडव झाला. राहिली होती ती चार झाडांची जुडी. या सणाला खजुराच्या झावळीचा कोंब, एक सुवासिक डहाळी आणि ओढ्याकाठच्या वाळुंजाची फांदी अशी जुडी उजव्या हातात धरायची, डाव्या हातात महाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं सुवासिक फळ, घ्यायचं आणि चारी दिशांना, वर आणि खाली हलवून देवाचे आभार मानायचे. फांद्या ठाण्याच्या ओळखीच्या माणसांनी पार्सलनं पाठवल्या होत्या. ते महाळुंगही पाठवत होते, पण सिपोरानं फोनवर ठणकावून सांगितलं, "फळ नको. आमचं पावसला आहे."

हे ती ज्या तोऱ्यात म्हणाली त्याला कारण होतं तिचा धाकटा भाऊ हनोख. तो पंचवीस वर्षांपूर्वी इस्राएलला गेला, तिथे स्थिरावला, आणि तेव्हापासून दर सणाला त्याचं एकच तुणतुणं. ये इकडे. तिथे काय राहिलंय आता आपलं? रत्नागिरीत प्रार्थनेला लागतात ती दहा माणसंसुद्धा जमत नाहीत. इथे बाजारात महाळुंगांचे ढीग लागतात ढीग! मला इथे बरं वाटतं, एवढंच ती म्हणे, आणि फोन ठेवल्यावर मनाशी विचार करी, की खरंच, आपण कशासाठी राहिलो? यंदा तिनं त्याला शब्द दिला होता. बाबांचा सण बाबांसारखा करून दाखवते, रत्नागिरीत, काही कमी न पडता. आणि तोही हटून म्हणाला होता, "बरं. करून दाखव. आणि नाही जमलं तर गुपचूप सामान बांध. बोल, कबूल?"

जोशात ती कबूल म्हणून बसली होती.

बाबा म्हणजे शलमोन सुतार. मिरकरवाड्यात होड्या दुरुस्त करायचे. दर वर्षी सणाआधी ते छोट्या सिपोराला घेऊन पावसला जात. तिथे गोदाकाकीच्या बागेत विहिरीच्या कडेला महाळुंगाचं जुनं झाड होतं. बाबा आधी फळाकडे बघतच नसत. झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसत आणि अंगठा बुंध्यावरून थेट मातीपर्यंत फिरवत. छोट्या सिपोराला वाटे, बाबा झाडाच्या पाया पडतात. मग तीही पडे. सण झाला की बाबा ते फळ कापडात गुंडाळून परत गोदाकाकीला नेऊन देत. "तुमच्या झाडाचं, तुमच्याकडे."

बाबा गेले तसा तो रस्ता राहिला तो तिकिटं फाडण्यापुरता. पण दोन-तीन वर्षांपूर्वी, निवृत्ती दिसू लागली तेव्हा तिनं गाडीतच गोदाकाकीच्या मुलाला, आत्मारामला, सांगून ठेवलं होतं. "आत्माराम, नोकरी संपली की पहिल्या मांडवाच्या सणाला तुमचं महाळुंग हवं हं देवासाठी." आणि आत्माराम छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "ताई, असं फळ देतो की तुमचा देव बघत राहील."

पावसला गाडी थांबायच्या आत ती उतरली. तेजस्वी ओरडली, "ताई, गाडी थांबू दे की!" हे वाक्य सिपोरानं स्वतः हजारदा लोकांना सुनावलेलं होतं.

आत्माराम अंगणात वाटच बघत होता. पावस परिसरात त्याच्यासारखं कलम बांधणारा माणूस नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. त्यानं सुपातल्या फडक्याखालून फळ काढलं. पिवळंधमक, हातभर नाही पण चांगलं ओंजळ भरणारं, एक डाग नाही, टोकावरची बोंडी, जी तुटली की फळ सणाला बाद, तीही शाबूत. वास असा की ओसरीवर बसलेल्या गोदाकाकीनंही मान वळवली.

"आत्माराम! अरे काय हे!" सिपोरा अक्षरशः नाचली. "थांब, थांब, हनोखला दाखवते. ढीग लागतात म्हणे! बघू दे त्याला!"

तिनं तिथेच फोन लावला. पडद्यावर हनोखचं टक्कल आणि मागे उन्हातली गॅलरी दिसली. सिपोरानं फळ फोनला जवळजवळ चिकटवलंच.

"वा!" हनोखला मान्य करावंच लागलं. "ताई, हे तर आमच्या बाजारात पण मिळणार नाही. एकदम..." आणि तो थांबला. "कलमी नाही ना गो? कलमी चालत नाही. बाबा बुंधा बघायचे, आठवतंय ना?"

सिपोराच्या हातातलं फळ एकदम जड झालं. बाबांचा अंगठा. मातीपर्यंत जाणारा. झाडाच्या पाया पडत नव्हते ते. जोड शोधत होते.

"मी... मग करते फोन," ती म्हणाली.

"आत्माराम, झाड कुठे आहे?"

"या, या, दाखवतो!" आत्माराम पुढे निघाला. त्याला कौतुकच ऐकायचं होतं. "तुम्ही देवाचं म्हणालात, मग मी म्हटलं, ते विहिरीवरचं म्हातारं झाड काय कामाचं? फळं वेडीवाकडी, खरबरीत. त्याचाच डोळा काढला आणि इडलिंबाच्या खुंटावर भरला. यंदा पहिला बहर! जुनं मग तोडून टाकलं. विहिरीत पाला पडायचा."

झाड सुबक होतं, कमरेएवढं, फळांनी वाकलेलं. सिपोरा बुंध्याशी उकिडवी बसली आणि अंगठा खाली खाली नेला. मातीच्या वर वीतभर अंतरावर गाठ लागली. जोड.

ती उठलीच नाही. तिथेच मातीत बसली.

"काय झालं, ताई?"

"हे चालायचं नाही रे. कलमाचं फळ या सणाला चालत नाही."

आत्माराम आधी हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याचा चेहरा उतरला, आणि मग तापला. "चालत नाही म्हणजे? रत्नागिरीत कलमाला नाही म्हणता? अख्खं जग आमच्या कलमाच्या पाया पडतं! देवाला चांगलं द्यायचं नाही, मग काय बियाचं रायवळ द्यायचं?"

"अरे, त्याला तसंच हवंय. जसं त्यानं घडवलं तसं. माणसानं दुसऱ्या झाडावर चढवलेलं नाही."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"मला कुठे कळलं होतं? मला वाटत होतं बाबा पाया पडतात!"

दोघंही एकमेकांवर ओरडत होते आणि दोघांनाही रडू येत होतं. तीन वर्षं आत्मारामनं त्या झाडाला लेकरासारखं जपलं होतं. आणि सिपोराला दिसत होता हनोखचा चेहरा. तो काही वाईट बोलणार नाही, हेच तर वाईट. प्रेमानं म्हणेल, जाऊ दे ताई, ये आता. आणि तिनं शब्द दिलेला. ठाण्याला आता विचारून काय उपयोग? सूर्य मावळायच्या आत फळ इथवर येणार कसं? आणि फळाचं सोडाच. ज्या मातीत राहण्यासाठी ती पंचवीस वर्षं भावाला नाही म्हणत आली, त्या मातीनंच आज तिला कलमी फळ हातात दिलं होतं, तेही किती मायेनं!

तेवढ्यात ओसरीवरून गोदाकाकीचा आवाज आला. डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत. "अगो, कशाला भांडताव दोघांव? शिपरा, तुला बियाचं हवं ना? ता कुंपणात हाय की!"

आत्माराम एकदम लाजला. "आये, ते कशाला? ते नुसतं काट्यांचं जाळं."

"जाळं आसंल. तुज्या बापासारखाच तू, कलमाबिगार दुसरं झाड दिसायचं नाय तुला." मग ती सिपोराकडे वळली. "तुझा बापूस दर वर्षी फळ आणून द्यायचा परत. देवाच्या हातातलं फळ, खायचं कसं नि टाकायचं कसं? मी आमच्या निर्माल्याबरोबर गडग्याच्या कडंला पुरायचे. एका वर्षी उगावलं. म्हटलं, असू दे. देवाचं हाय."

सिपोरा उठली ती धावलीच. साठीच्या बाईनं धावू नये असं कुणी म्हणेल, पण म्हणायला तिथे कुणी नव्हतं, आत्माराम तिच्या मागे धावत होता.

बागेच्या टोकाला जांभ्या दगडाचा गडगा, त्याला लागून निवडुंग आणि करवंदीची जाळी, आणि त्यात घुसमटलेलं, वेडंवाकडं वाढलेलं महाळुंगाचं झाड. आत्माराम दर वर्षी कुंपण छाटताना त्याच्या फांद्याही छाटायचा. काटे बोटभर लांब. सिपोरानं साडीचा पदर कमरेला खोचला आणि आत शिरली. हाताला ओरखडे उठले. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती बुंध्याशी बसली, पालापाचोळा बाजूला केला आणि अंगठा टेकवला. खाली, खाली, अजून खाली. गाठ नाही. जोड नाही. अंगठा सरळ मातीत गेला.

"नाही रे जोड! आत्माराम, नाही जोड!"

आणि या वेळी तिनं खरंच कपाळ बुंध्याला टेकवलं. बाबा पाया पडत नसतील, पण ती पडली. बाबांच्या हातातल्या फळातून आलेलं झाड होतं ते. सणाच्या दिवशी बाबांनी चारी दिशांना हलवून परत केलेलं फळ. ती इतकी वर्षं रोज गाडीतून या बागेवरून गेली होती, आणि बाबांचा सण इथे उभा होता, छाटला जात होता, पुन्हा फुटत होता, काटे काढत होता, आणि कुणी कौतुक केलं नाही तरी फळत होता. तिला आपलंच हसू आलं आणि रडूही आलं. तिचंही किती जणांनी चांगल्या मनानं कलम करायला बघितलं होतं. मुंबईला जा, नर्स हो, लग्न कर, इस्राएलला ये. ती आपली कुंपणात राहिली. रायवळ. पण मुळापासून एक.

फळं मोजकीच होती. खालचं एक कीड लागलेलं, दुसरं चिमणं. पण वर, काट्यांच्या अगदी मधोमध, एक हिरवट-पिवळं, खरबरीत, थोडं वाकडं महाळुंग होतं. आत्मारामनं तिला बाजूला सारलं आणि स्वतः हात घातला. मनगटावर रक्त आलं. फळ काढून त्यानं टोकाची बोंडी बोटानं चाचपली. शाबूत. मग मान खाली घालून त्यानं ते तिच्या हातात ठेवलं.

"दिसायला काय धड नाही, ताई."

"तू आणि मी तरी कुठे धड दिसतो?" सिपोरा म्हणाली. "आणि ऐक, ते तुझं कलमी फळ मला दे. मांडवाच्या मधोमध टांगायचं आहे. मांडव सजवायला काहीही चालतं. आणि तू न् काकी माझ्याबरोबर चला. या मांडवात पाहुणा नसला तर सण पुरा होत नाही. कपडे बदला, दुपारची गाडी चुकवायची नाही."

गोदाकाकीला दोघांनी धरून गाडीत चढवलं. येताना सिपोरानं फळ मांडीवर रुमालात घट्ट धरलं होतं, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे गाडीची घंटी बिचारी तेजस्वीला स्वतः वाजवावी लागली. जुडी म्हणजे काय, हे ती गोदाकाकीला समजावत होती. खजुराचा कोंब, डहाळी, वाळुंज, महाळुंग. काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तुमचं नवंच की! आम्ही नव्या भाताच्या लोंब्या नि आंब्याची पानं बांधतो दाराला, तसं." सिपोरा थक्क झाली. "हो काकी. अगदी तसंच." मोरूनं पुढून विचारलं, की त्याला आमंत्रण आहे की नाही. "गाडी आगारात लाव आणि ये," सिपोरा म्हणाली, "आणि येताना बायकोला आण, नाहीतर आत घेणार नाही."

संध्याकाळ कलत आली. मांडवाच्या मधोमध आत्मारामचं पिवळंधमक फळ झुलत होतं आणि आत्माराम बरोबर त्याच्या खाली बसला होता, येणाऱ्या प्रत्येकाला ते कुणी पिकवलं ते सांगत. काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत पेल्यात तयार होतं. विमला दुधाचं पातेलं घेऊन आली, मागोमाग तिच्या घरची माणसं आली, मोरू बायकोला घेऊन आला, आणि मांडव भरून गेला. सिपोरा दाराशी उभी राहून आरोळी देत होती, "सरका पुढे! मागच्याला जागा द्या! पुढे जागा आहे!" तिच्या मनात आलं, देवानं हा सण घालून दिला तेव्हा त्याला माहीत असणार, की कुणाचाच थांबा कायमचा नसतो, आहे तोवर सरकून बसावं आणि शेजारच्याला जागा द्यावी. आयुष्यभर ती हेच तर ओरडत आली होती. उगीच वाटत होतं की सण हुकला.

दिवे लावायला थोडा वेळ होता. एकदा दिवा लागला की फोन बंद. तिनं हनोखला लावला.

"मिळालं?" त्यानं घाबरतच विचारलं.

तिनं ते वाकडं, खरबरीत महाळुंग फोनसमोर धरलं आणि सगळं सांगितलं. बाबांनी परत केलेलं फळ, गोदाकाकीनं पुरलेलं, कुंपण, काटे. गोदाकाकीलाही पडद्यासमोर आणलं. ती फोनला नमस्कार करून म्हणाली, "हनोखा, बारीक झालास रे."

टक्कल पडलेला, आजोबा झालेला हनोख हाताच्या पालथ्या मुठीनं डोळे पुसत होता. मागे त्याच्या गॅलरीत त्याचाही मांडव दिसत होता, नीटस, विकत आणलेला. सिपोरानं वाट बघितली. सामान बांध, हे शब्द आता येतील की काय असं एक क्षण तिला वाटलंच.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "सण झाल्यावर ते फळ कापशील ना? त्याचं बी ठेव माझ्यासाठी. इथे इतके ढीग लागतात, पण... बाबांचं नाही ना गो त्यात."

पूर्वेकडच्या झावळ्यांआडून नुकताच उगवलेला पौर्णिमेचा चंद्र अजून पिवळाच दिसत होता. सिपोरानं नाक पुसलं, आणि पावसच्या गाडीत वापरायचा तो आपला जुना, ठेवणीतला आवाज काढला.

"बी पार्सलनं पाठवणार नाही. स्वतः ये न्यायला. खिडकी धरून ठेवते."